रानीतला न

गास गावाच्या बाजूने वारा सुटला की आमच्या मागच्या गॅलरीत भाताचा वास येतो. शिजलेल्या भाताचा नव्हे. शेतात उभ्या, पिवळ्या पडत चाललेल्या भाताचा. त्यात थोडं ऊन असतं, थोडा वाळत आलेला चिखल असतो आणि आणखी काहीतरी असतं, त्याला मला अजून शब्द सापडलेला नाही. एकतीस वर्षं मराठी शिकवून एका वासाला शब्द सापडत नाही, म्हणजे कमालच आहे.

रानी गॅलरीच्या गजांमधून नाक बाहेर काढून बसली आहे. नाकपुड्या एकसारख्या हलताहेत. मध्येच थांबते, डोळे मिटते, पुन्हा सुरू. मीही तिच्याशेजारी पाट घेऊन बसते आणि नाक पुढे करते. मला जो एकच वास येतो, तो तिला किती तुकड्यांत येत असेल? कोणत्या शेतात विळा चालला, कोणाच्या बांधावर मुंगूस फिरलं, कोणी डब्यात काय आणलं, हे सगळं तिला बसल्या जागी कळत असेल का? विचारलं तर ती माझ्याकडे बघते आणि अंगाचा सगळा भार माझ्या गुडघ्यावर टाकते. एवढंच तिचं उत्तर. कशालाही हेच उत्तर.

रानी म्हणजे आमची कुत्री. बदामी रंग, एक कान उभा, दुसरा मध्येच विचार बदलल्यागत अर्धा दुमडलेला. तिला फिट येतात. ‘येतात’ हे माझ्या तोंडी बसलेलं आहे, खरं तर या अख्ख्या वर्षात दोनदाच आल्या. सकाळी आठला एक गोळी, संध्याकाळी आठला एक गोळी, मधूनमधून रक्ताची तपासणी. बाकी ती खाते, पिते, झोपते, पोस्टमनवर प्रेम करते आणि सोसायटीच्या सेक्रेटरीवरही करते, ज्यांनी ‘भटक्या कुत्र्यांना खाणे देऊ नये’ अशी पाटी लावली आहे. त्या पाटीत एकही चूक नाही. मी तपासली आहे.

ही माझी जुनी खोड. रस्त्याने चालताना मी पाट्या वाचते आणि मनातल्या मनात दुरुस्त करते. ‘आशिर्वाद’ लिहिलेल्या दुकानातून मी कधी काही घेत नाही, असं सुधाकर सगळ्यांना सांगतो. सुधाकर म्हणजे माझा नवरा. ते तितकंसं खरं नाही. घेते, पण घेताना त्रास होतो.

दोन वर्षांपूर्वी, भाताच्याच दिवसांत, मी नुकती निवृत्त झाले होते. सकाळी सहाला उठायची सवय गेली नव्हती आणि उठून करायचं काय ते माहीत नव्हतं. सुधाकरची नोकरी अजून चालू. तो ऑफिसला निघाला की मी गासच्या रस्त्याला चालायला जायची. नालासोपाऱ्याच्या बिल्डिंगी जिथे संपतात तिथेच शेतं सुरू होतात, मध्ये मोकळी जागा वगैरे काही नाही. एका बाजूला टॅंकर पाणी ओततोय, दुसऱ्या बाजूला बगळे उभे.

तिथे बांधाच्या कडेला हिराताई बसायच्या. पुढे गोणपाटावर वालाच्या शेंगा, दोन पडवळं, केळ्यांची एखादी फणी, आणि बाजूला ही कुत्री. हिराताई माझ्याच वयाच्या, पण पाठ माझ्यापेक्षा ताठ. त्यांची मुलगी मनीषा माझ्या वर्गात होती, त्यामुळे त्या मला बाईच म्हणतात. मी शेंगा निवडायला वाकले की कुत्री उठायची, माझ्या मागे यायची आणि माझ्या पोटरीला टेकायची. नुसती टेकायची नाही, रेलायची. पहिल्यांदा मी पडता पडता वाचले.

“रानी, बाजूला हो,” हिराताई म्हणायच्या. मग मला सांगायच्या, “बाई, तिला माणूस लागतं टेकायला. कोन पन चालतं.”

कोणीपण चालतं, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं होतं. पुढे त्याच वाक्याने मला बराच त्रास दिला.

एके दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला मी शेंगा घेत होते आणि कुत्री आपली उभी होती. उभ्या उभ्या तिची मान एका बाजूला वळली. काहीतरी ऐकतेय असं मला वाटलं. मग ती आडवी झाली. पाय ताठ, जबडा घट्ट, तोंडाला फेस, आणि चारही पाय पळत असल्यासारखे हवेत चालायला लागले. मी किंचाळले असेन, आठवत नाही. हिराताई मात्र शांतपणे उठल्या, कनवटीला ठेवल्यागत जवळच असलेला कांदा बुक्कीने फोडला आणि तिच्या नाकाला लावला.

“घाबरू नका बाई. येतं तिला तसं. दोन मिन्टात उठंल.”

दोन मिनिटांत ती खरंच उठली. कांद्याने उठली असं हिराताईंचं म्हणणं. उठल्यावर तिने जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. ती एकेका वस्तूपाशी गेली. गोणपाट हुंगलं. पडवळ हुंगलं. हिराताईंचे पाय, माझी चप्पल, बांधावरचा दगड, सगळं पहिल्यांदाच भेटल्यासारखं हुंगून घेतलं. जणू जग कोणीतरी पुसून टाकलं होतं आणि ती ते पुन्हा लिहून काढत होती. मग येऊन हिराताईंना टेकली.

त्या दोन मिनिटांत ती कुठे होती? हा प्रश्न माझ्या डोक्यात बसला तो बसलाच. घरी आल्यावर मी सुधाकरला विचारलं. तो म्हणाला, “शैला, तू आधी हात धू.”

त्यानंतर मी शेंगा लागत नसल्या तरी जायला लागले. आमच्या फ्रीजमध्ये वालाच्या शेंगांचा ढीग झाला. मला फक्त तिला बघायचं असायचं. तिच्याकडे बघून वाटायचं, ही आजारी नाहीच, हिला फक्त अधूनमधून कुठेतरी जावं लागतं.

हिराताईंना काळजी वेगळीच होती. त्यांच्या वाडीच्या टोकाला बावखल आहे, जुन्या लोकांनी झाडांच्या शिंपणासाठी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. एकदा कुत्रीला त्याच्या काठावरच फिट आली होती आणि ती पाण्यात गेली होती. हिराताईंनी कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला काढलं. “आता कापनी आली. मी दिवसभर शेतात वाकलेली. हिला कधी येल, कुठं येल, मी कुठं बघू?” असं म्हणून त्या शेंगा नीट करत राहिल्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “बाई, तुम्ही नेता का?”

हल्ली कुत्रं दत्तक घेतलं म्हणतात. मला तो शब्द जड वाटायचा. दत्तक म्हटलं की होम आला, पंक्ती आल्या, भाऊबंदांची तोंडं वाकडी झाली. मी सरळ म्हटलं, “कापणी होईपर्यंत ठेवते. मग बघू.” घरी सुधाकर म्हणाला, “मग बघू म्हणजे काय?” मला तरी कुठे माहीत होतं?

गोखिवऱ्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. वयाने माझ्या विद्यार्थिनींएवढ्या, बोलायला सरळ. त्यांनी तिला उलटंपालटं तपासलं, रक्त घेतलं, आणि म्हणाल्या, “बरा होणारा आजार नाही, पण सांभाळता येणारा आहे. बारा तासांनी गोळी म्हणजे बारा तासांनी. चुकवायची नाही, मनाने बंद करायची नाही. फिट आली तर घड्याळ बघायचं, आजूबाजूच्या वस्तू सरकवायच्या, तोंडात हात घालायचा नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर तिला उचलून थेट इथे यायचं.”

“आणि कांदा?” मी विचारलं.

“कांदा पोह्यात घाला,” त्या म्हणाल्या. “कुत्र्याला तो खायलाही घालायचा नाही.”

मग त्यांनी कार्ड काढलं आणि नाव विचारलं. हिराताई सोबत आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “रानी.” डॉक्टरीणबाईंनी पेन टेकवलं, तशी मी चटकन म्हणाले, “राणी. बाणातला ण.” त्यांनी तसं लिहिलं. हिराताई माझ्याकडे बघून हसल्या. बाईंनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं ते हसणं होतं.

या भागातल्या गावांत ण नाही. पाणी नाही, पानी. लोणी नाही, लोनी. आम्ही मूळचे कराडकडचे. इथे येऊन शाळेत लागले तेव्हा पहिल्याच तासाला चाळीस मुलं एका सुरात ‘पानी’ म्हणाली आणि मला वाटलं, आपल्या आयुष्याचं काम सापडलं.

त्या कार्तिकात घरात दोन गोष्टींचा शोध चालू होता. एक, गोळी पोटात कशी जाईल. दुसरी, राणी हाकेला का येत नाही.

गोळी पहिल्या दिवशी पेढ्यात घातली. तिने पेढा खाल्ला आणि गोळी स्वच्छ धुतल्यासारखी करून माझ्या पायाशी ठेवली. तूप-पोळीत घातली, गुळात घातली, मऊ भाताच्या गोळ्यात घातली. प्रत्येक वेळी गोळी परत. शेवटी हिराताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सुका बोंबील द्या बाई. भाजून, भातात कुस्करून.” आमच्या घरात अंडंसुद्धा आलेलं नाही. मी फोन ठेवून सुधाकरकडे बघितलं. तो पिशवी घेऊन बाजारात गेला आणि चार वर्तमानपत्रांत गुंडाळलेले बोंबील घेऊन आला. एक जुना तवा गॅलरीत गेला, एक जुना स्टोव्ह गेला. नाकाला रुमाल बांधून सुधाकर बोंबील भाजायला लागला. आमच्या घराण्यात बोंबील भाजणारा तो पहिला पुरुष. आता रुमाल लागत नाही. उलट बोंबील जाड आहे की पातळ, उन्हात नीट वाळला की नाही, यावर तो मत देतो आणि बाजारातल्या बायका ते ऐकून घेतात.

दुसरा शोध मात्र लागेना. “राणी, ये,” म्हटलं की ती आपली बसून. मान वळवायची नाही, कान हलवायचा नाही. स्वयंपाकघरात ताटली पडली की धावत यायची. फ्रीजचं दार, टॅंकरचा हॉर्न, सुधाकरची किल्ली, सगळं ऐकू यायचं. फक्त तिचं नाव ऐकू यायचं नाही. पायांवर मात्र रेलायची. माझ्या, सुधाकरच्या, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाच्यासुद्धा. कोन पन चालतं. मला वाईट वाटायला लागलं. वय झालेल्या बाईने कुत्र्यावरून रुसावं हे काही शोभत नाही, पण मी रुसले होते. तिला मी हवी होते की नुसता पाय हवा होता?

सुधाकरचं म्हणणं होतं, फिटमुळे डोक्यावर परिणाम झाला असेल. “कापणी झाली की परत देऊया. तिथली सवय आहे तिला. इथे तिला कळतच नाही आपण कोण ते.” तो वाईट मनाने बोलत नव्हता. मीही मनात तेच धरून चालले होते आणि म्हणून त्याच्यावर चिडले.

डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी तिच्या मागे जाऊन चुटकी वाजवली, टाळी वाजवली. “कान चोख आहेत. औषधाने थोडी सुस्ती असेल, ती जाईल. नाव तुम्ही बदललंय का?”

“नाही,” मी म्हणाले. आणि मला ते खोटं वाटलंही नाही.

मनीषाचं आता सांगायला हवं. सहावीत होती. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. चुणचुणीत मुलगी, सारखा हात वर. उत्तर बरोबर, पण प्रत्येक वाक्यात न. मी थांबवायची. “पाणी. म्हण बघू. पाणी.” ती म्हणायची, “पानी.” वर्ग हसायचा. मी पुन्हा, “जीभ टाळूला लाव. पाणी.” माझ्या आवाजात राग नसायचा, हे मी शपथेवर सांगेन. मला तिचं भलंच करायचं होतं. हात वर यायचा कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. वर्षाच्या शेवटी तिच्या प्रगतिपुस्तकात मी सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला, ‘अबोल आहे. वर्गात बोलत नाही.’

मनीषा पुढे औषधांचं शिकली. विरारला औषधांच्या दुकानात आहे, रानीच्या गोळ्या तीच आणून देते. बोलते अगदी स्वच्छ, पुस्तकातल्यासारखं. हिराताई एकदा कौतुकाने म्हणाल्या होत्या, “आता घरी पन पाणी म्हनते ती. मलाच दुरुस्त करते.” त्यांनी ‘पाणी’तला ण मुद्दाम जोर लावून, मनीषाची नक्कल करत म्हटला होता. मी हसले होते. घरी येताना मात्र हसू टिकलं नाही.

तुळशीच्या लग्नाचे दिवस होते. हिराताईंच्या उशिरा पिकणाऱ्या गरव्या भाताचा शेवटचा तुकडा उभा होता, बाकी सगळं कापून झालं होतं. रविवारी दुपारी त्यांनी जेवायला बोलावलं. सुधाकर पण आला. न बोलता आम्हा दोघांनाही माहीत होतं की आज हिराताई विचारणार, आणि ‘मग बघू’चं उत्तर द्यावं लागणार. तिचं कार्ड आणि गोळ्यांची पट्टी मी पिशवीत टाकली होती. कशाला टाकली ते मी स्वतःला विचारलं नव्हतं.

वाडीत पेंढ्याचा डोंगर झाला होता. ताजा पेंढा, त्यात ऊन भरलेलं. रानी त्यात लोळली, शिंकली, पुन्हा लोळली. आमच्या घरात तिला कधी इतकं खूश बघितलं नव्हतं. झालं, मला वाटलं, ठरलंच हे.

चारच्या सुमाराला रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगीत कोणीतरी फटाक्यांची माळ लावली. पट्टा माझ्या हातात होता. नंतर नव्हता. ती उभ्या भातात घुसली आणि दिसेनाशी झाली. वरून भात थोडं हललं, मग तेही थांबलं. तुकडा मोठा नव्हता, पण भात कमरेइतकं होतं आणि पलीकडच्या टोकाला बावखल.

मी हाका मारायला लागले. “राणी. राणी, ये. राणी.” सुधाकर बांधावरून धावत बावखलाच्या काठाला जाऊन उभा राहिला, पॅंट गुडघ्यापर्यंत वर करून. त्याला पोहता येत नाही. मी हाका मारतेय, आणि भात जसंच्या तसं उभं. फटाक्यांनी फिट येऊ शकते, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ती आत कुठेतरी ताठ होऊन पडली असेल, किंवा उठून काहीच न ओळखता पाण्याकडे चालत असेल. तिला काही झालं तर माझ्या हातून सुटलेल्या पट्ट्यामुळे झालं असतं. मला रडू फुटलं. रडत रडत मी तेच नाव ओरडत होते.

हिराताई घरातून हात पुसत आल्या. “बाई, कोनाला हाक मारता?”

“राणीला. आत गेली. येतच नाही.”

“तिला रानी म्हना ना.”

“तेच म्हणतेय मी. राणी.”

“नाय बाई.” त्या माझ्याजवळ आल्या. “रानी. राजाची रानी नाय ती. रानातून आली म्हनून रानी. खाडीकडच्या झुडपात सापडली मला, एवढीशी. राजाची असती तर माझ्याकडं कशाला आली असती?”

त्यांच्या तोंडी दोन्ही शब्द एकच. राजाची असो की रानातली, रानीच. निवड करायची होती ती मला, आणि मी विचारलंसुद्धा नव्हतं. सगळ्या आयुष्यात या गावाने माझ्यापुढे एकच न असा ठेवला होता, जो बरोबर होता, आणि मी तो खोडला होता.

“मग तुम्ही मारा ना हाक,” मी म्हणाले. “तुमच्या हाकेला येईल.”

“येल,” हिराताई म्हणाल्या. “माझ्याकडं येल. मग तुमची कधी व्हायची ती?”

आणि त्यांनी पदर तोंडाला लावला, पेंढ्याच्या पलीकडे गेल्या आणि पाठ करून खाली बसल्या. तिला दिसू नये म्हणून.

मी तोंड उघडलं आणि बाहेर आलं, “राणी.” जीभ आपली टाळूकडे वळली. एकतीस वर्षं मुलांच्या जिभा मी तिकडे वळवल्या होत्या, माझी आता ऐकेना. मी थांबले, श्वास घेतला, जीभ दातांच्या मागे आणली. शिकाऊ मुलीसारखं आधी मनात म्हटलं. मग मोठ्याने.

“रानी. ये ग रानी.”

भात हललं. मधूनच, बावखलापासून बरंच अलीकडे. मग एक रेघ हलत हलत आली, आणि उभा कान आधी दिसला, मग दुमडलेला. अंगभर कुसळं. ती बांधावर चढली आणि थांबली. पेंढ्याच्या दिशेने तिने नाक वर केलं. हिराताई तिथे आहेत हे तिला कळलंच असणार, एवढा वास तिच्यापासून लपवता येणार होता का? शेपूट दोनदा हललं. मी जागची हलले नाही. दुसरी हाकही मारली नाही. मग ती माझ्याकडे आली आणि अंगाचा सगळा भार माझ्या पोटरीवर टाकला. मी तिथेच चिखलात बसले.

पेंढ्याच्या मागून हिराताईंचा आवाज आला. “आली?”

“आली.”

बराच वेळ त्या उठल्या नाहीत. उठून आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण त्यांनी मला तांदळाची पिशवी दिली आणि वेगळंच बोलल्या. “आठ वाजता गोळी हाय ना तिला? जावा मग. उशीर नका करू.”

पिशवीतलं कार्ड आणि पट्टी तशीच घरी आली. त्या संध्याकाळी गोळी देऊन झाल्यावर मी कार्डावरचा ण खोडला आणि वर न लिहिला, वह्या तपासायच्या लाल पेनाने. सुधाकर बघत होता. म्हणाला, “किती मार्क कापले?”

खरंच त्या ‘न’मुळे ती आली का? हे मी अजून शोधतेय. डॉक्टरीणबाईंचं मत, कुत्र्याला अक्षर कळत नाही, सूर कळतो. तोपर्यंत मी वर्गात हजेरी घेतल्यासारखी हाक मारत होते, त्या दिवशी वेगळी मारली असेन. असेल. फटाके थांबले म्हणूनही आली असेल. मी एक वही केली आणि आठवडाभर प्रयोग केले. एकदा ण, एकदा न, पाठ करून, दार लोटून. निष्कर्ष असा निघाला की बोंबील भाजला जात असेल तर ती दोन्हीला येते आणि झोपली असेल तर कशालाच येत नाही. वही मिटून ठेवली. फिटमध्ये ती कुठे जाते तेही कळलेलं नाही. परत आल्यावर सगळं हुंगून घेते, आणि शेवटी माझ्याकडे येते, एवढं माहीत आहे. पूर्वी ती सगळ्यांना टेकते याचा मला राग यायचा. आता वाटतं, ज्याच्या पायाखालची जमीन अशी अचानक जाते, त्याला जो भेटेल त्याला टेकावंच लागत असेल. आणि तरी शेवटी कोणाकडे यायचं ते तिने ठरवलं आहे.

आज ते सगळं आठवायचं कारण वारा तर आहेच, पण मघाशी मनीषा येऊन गेली. यंदाच्या लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताचे तांदूळ आणि महिन्याच्या गोळ्या घेऊन आली होती. बसली, चहा घेतला. गोळ्यांची मुदत दाखवली, पुढच्या रक्ततपासणीची आठवण केली. बोलणं अगदी शुद्ध. मी ऐकत होते आणि त्या प्रगतिपुस्तकातला शेरा माझ्या डोळ्यांपुढे होता. कधीतरी तिला सांगायचं आहे. आजही जमलं नाही.

गोळ्यांनी रानीला तहान फार लागते. ती रिकाम्या वाडग्यापाशी जाऊन उभी राहिली. मी उठले, वाडगा भरला आणि खाली ठेवता ठेवता रोजच्यासारखंच म्हणाले, “घे रानी. पानी पी.”

मनीषाने कपावरून मान वर केली. माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू, भीत भीत, वर्गात उभं राहून बोलावं तसं म्हणाली, “बाई, पाणी ना?”

“नाही ग,” मी म्हणाले. “आमच्या घरात पानीच म्हणतात.”